गाळातल्या सवती

माझी आई मी दोनदा हरवली. पहिल्यांदा मी आठ महिन्यांचा होतो, त्यामुळे त्यात माझी चूक धरता येत नाही. दुसऱ्यांदा पंचेचाळीस वर्षांचा होतो, मिशीत पांढरे केस होते, जालन्याच्या एमआयडीसीत नोकरी होती, आणि चूक शंभर टक्के माझी होती.

नीट सांगतो. मला जन्म देणारी कांताबाई, म्हणजे आमची थोरली माय, विसाव्या वर्षी वारली. तिचा फोटो नाही. माझा बाप बिरू मेंढरांच्या मागं हिंडणारा माणूस, त्यानं मेंढरांचेसुद्धा फोटो काढले नाहीत, तर बायकोचा कुठून काढणार? वर्षाच्या आत त्यानं दुसरं लग्न केलं. ती साखराबाई, हीच माझी माय. मला आठवतं तेव्हापासून हिच्याच हातची भाकरी आणि हिच्याच हातचा मार खाल्लाय.

लग्नातच मायच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला गेला. अंगठ्याच्या नखाएवढी चांदीची पातळ पत्री, तिच्यावर उभ्या बाईचा ठसा. ती बाई म्हणजे थोरली माय. मेलेली सवत रुसू नये, नव्या संसारात तिचा मान राहावा, म्हणून ही रीत. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं. जेवायला बसलं की पहिला घास तिच्या नावानं ताटाबाहेर काढायचा.

दुसऱ्या बायका हे सगळं भीतीपोटी करत असतील. आमच्या मायनं तिच्याशी चव्वेचाळीस वर्षं संसार केला. तिला ती अक्का म्हणायची आणि सकाळपासून तिच्याशी बोलायची. बाप खेकसला की टाक हातात धरून म्हणायची, "ऐक अक्का, तुझा नवरा कसा बोलून राह्यला." मी दहावीला गणितात आपटलो तेव्हा तिनं टाकाला सांगितलं, "तुझा पोरगा नापास झाला." पुढच्या वर्षी पास झालो तर साऱ्या गल्लीला साखर वाटत सुटली, "माझा पोरगा पास झाला." भाजीत मीठ जास्त पडलं तरी अक्कानंच बोलण्यात गुंतवलं म्हणून पडायचं. गरीब बिचारी अक्का, तिला उलट उत्तर देता येत नव्हतं. मायला त्याचंही वाईट वाटायचं. कधी कधी ती अक्काच्या वतीनं स्वतःच उत्तर द्यायची आणि भांडणात हरायची.

सहा वर्षांपूर्वी बाप वारला. बायकांनी मायचं मंगळसूत्र काढलं, बांगड्या काढल्या, तिनं काढू दिलं. एका म्हातारीनं टाकाच्या दोऱ्याला हात घातला, तेव्हा मात्र मायनं तो हात धरला. म्हणाली, "हिला हात लावू नका. ही त्याची न्हाई, ही माझी हाय."

तर असा हा टाक. त्याचा दोरा विरत आला होता. मार्चपासून माय सांगत होती, "गोरख, वडीगोद्रीच्या पटवेकऱ्याकडून हा नव्या दोऱ्यात गाठून आण. गाठ मारावी तर त्यानंच." दर शनिवारी मी वडीगोद्रीतूनच घरी येतो. पटवेकऱ्याचं दुकान रस्त्यापासून पन्नास पावलांवर. पण ऊन असतं, भूक लागलेली असते, गाडी उभी करायला सावली नसते. पाच शनिवार मी "आणतो की जल्दी" म्हणालो. सहाव्या शनिवारी मला अक्कल सुचली. आमच्या कारखान्यात बियाण्याच्या पोत्यांची तोंडं शिवायला पांढरा दोरा असतो. त्यातला हातभर आणला, तीन पदरी केला, टाक ओवला, गाठ मारली, काडेपेटीनं टोकं जाळली आणि मायला म्हणालो, "आता हा तुझ्या नातवंडांच्या लग्नातबी तुटत न्हाई."

तुटला नाहीच. गाठ सुटली. धोंड्याचा महिना लागला होता, माय रोज पहाटे गंगेवर अंघोळीला जायची. आमच्याकडं गोदावरीला गोदावरी फक्त शाळेत म्हणतात. सोमवारी तिनं तिसरी बुडी मारली, वर आली, गळ्याला हात लावला, आणि हाताला नुसती मानच लागली. पन्नास किलोचं सोयाबीन सांभाळणाऱ्या दोऱ्याला माझी पाच ग्रॅमची आई सांभाळता आली नाही.

मी कामावर परत निघायच्या तयारीत होतो, तेवढ्यात माय ओल्या लुगड्यानं घरी आली. मला चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. चुलीपुढं बसली. माझ्या बायकोनं, बेबीनंदानं, ताट वाढून पुढं ठेवलं. मायनं भाकरी मोडली, घास काढायला हात उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"आत्याबाई, दोन घास खाऊन घ्या," बेबीनंदा म्हणाली.

"खाते की. पण आधी कुणाला देऊ?"

रुसवा नव्हता, उपास नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं सुरुवात कशी करायची. दुपारी ताट तसंच, संध्याकाळीही तसंच. चहाला मात्र घास काढावा लागत नाही, म्हणून चहा तेवढा घेत होती. माझी मुलगी राजनंदिनी अंबडला कॉलेजात आहे. तिनं मोबाइलवर चांदीचे टाक दाखवले, दोन दिवसांत घरपोच. "आजी, बघ ना, किती छान चमकतात." मायनं बघितले आणि मोबाइल परत दिला. म्हणाली, "ह्या चांगल्याच हायत. पण मी कुठं वळखते यांना?"

मी सकाळीच कारखान्यात फोन केला होता. साहेबांना म्हणालो, "साहेब, आई नदीत गेली, सुट्टी पाहिजे." साहेब हळहळले. किती वय होतं म्हणून विचारलं. मी खोटं बोलत नाही, म्हणालो, "वीस." मग ते म्हणाले, पाहिजे तेवढे दिवस घे आणि डोक्याला जरा तेल लाव.

तेवढे दिवस होतेच कुठं? गावाच्या ग्रुपवर निरोप फिरत होता, बुधवारी सकाळी वरच्या धरणातून पाणी सुटणार, कुणी पात्रात उतरू नये. एकदा ते पाणी आलं की अक्का थेट नांदेडला. म्हणजे सोमवारचा उरलेला दिवस आणि मंगळवार, एवढंच हातात होतं.

मी वसंताला गाठलं. वसंता माझा चौथीपर्यंतचा वर्गमित्र. पुलावरून जाणारे लोक गंगेत नाणी टाकतात, ती काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक दोरीला बांधून तो पुलाखाली बसतो. आल्या आल्या त्यानं घाटाच्या कडेनं चुंबक फिरवायला घेतलं. मी म्हणालो, "अरे, चांदीला चुंबक लागतं का?"

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "पण आधी लोखंड हटलं पाह्यजे. न्हाई तं हात चिरतात."

ते बराबर होतं. तासाभरात चुंबकानं दोन विळे, सायकलची साखळी, खंडीभर खिळे आणि नाणी वर आणली. शेवटी एक जड दांडा आला. तो आमच्या शाळेच्या घंटेचा टोला होता. चौथीत असताना तो कुणीतरी पळवला म्हणून गुरुजींनी मला अख्खा दिवस अंगठे धरायला लावले होते. मी वसंताकडं बघितलं. वसंता नदीकडं बघत म्हणाला, "गाळ लई हाय इथं."

गाळ खराच फार होता. वाळू कधीच ट्रकांत बसून गेली, गंगेत आता गाळच राहिलाय. वसंतानं काम लावून दिलं. माय जिथं बुडी मारते तिथून खालच्या अंगाला सुतळीनं चौकोन आखले. एका चौकोनातला गाळ घमेल्यात भरायचा, गव्हाच्या चाळणीत ओतायचा, चाळणी पाण्यात हलवायची, उरलेलं हातानं चाचपायचं. मग पुढचा चौकोन. घाई करायची नाही, आणि गाळ कुणी तुडवायचा नाही. तुडवला की चांदी खाली जाते. त्यानं हे इतक्या रुबाबात सांगितलं की मी त्याला मनातल्या मनात टोल्याची माफी देऊन टाकली.

दुसऱ्याच चौकोनात टाक सापडला. चाळणीत खवल्यासारखं काहीतरी होतं, पुसून पाहिलं तर उभी बाई. मी आरडत काठावर गेलो. काठावर एव्हाना आठ-दहा बायका जमल्या होत्या, कुणाचं काही हरवलं की आमच्याकडं प्रेक्षक कमी पडत नाहीत. त्यांतल्या एकीनं लांबूनच पाहिलं आणि म्हणाली, "दादा, तुमची सकाळी पडली ना? मंग दिवसभरात एवढी काळी ठिक्कर कशी झाली?"

खरंच. मायचा टाक तिच्या अंगाला घासून पांढरा लखलखीत असायचा. हा काळा होता, वर्षानुवर्षं गाळात राहिलेला. मग ही कोण? तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी सांगितलं. टाक गळ्यात बांधणारी बाई मेली की तिची सवत कुणाला द्यायची? पोरीला देता येत नाही, सुनेला देता येत नाही. म्हणून राखेबरोबर गंगेत सोडतात. आणि पंचक्रोशीतल्या राखा येतात त्या याच घाटावर.

म्हणजे आम्ही एक सवत शोधायला सवतींच्या गावात शिरलो होतो.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन निघाल्या. मंगळवारी सकाळी एक. दुपारी वसंताच्या चाळणीत तांब्याच्या एकाच तारेत ओवलेले दोन टाक आले. ते बांधणारी कुणाची तरी तिसरी बायको असणार. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, पण इथं दोन्ही डोळे दुसऱ्याचे होते. वसंता म्हणाला, "या माउलीनं दोघी सांभाळल्या. मला एकीसंगं जमून राह्यलं न्हाई."

बायका एकाही टाकाला हात लावायला तयार नव्हत्या. दुसऱ्याची सवत घरात न्यायची नसते, घर नासतं, चूल धड पेटत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांना अशा उघड्यावर पडलेल्या बघवेनातही. एकीनं पदराखालून हळदीकुंकू आणलं, लांबूनच शिंपडलं. दुसरी म्हणाली, "निदान त्यांना सावलीत तरी ठेवा." मग मी माझी टोपी उताणी केली आणि त्यांना तिच्यात ठेवलं.

चार वाजता सातवी निघाली, तीही काळी. आखलेले सगळे चौकोन संपले होते. पाठ मोडली होती, बोटांची सालटं निघाली होती. वसंता बिडी ओढायला बसला. मी काठावरच्या एकीकडून चुलीची राख मागून घेऊन सातही टाक उगाच घासायला बसलो, हाताला काहीतरी काम पाहिजे होतं म्हणून. घासता घासता त्या उजळल्या. मी त्या एका फळीवर ओळीनं मांडल्या, आणि मग माझ्या लक्षात आलं.

सगळ्या सारख्याच होत्या. तोच पदर, तेच खाली सोडलेले हात, तेच दोन ठिपक्यांचे डोळे. सोनाराकडं साचा असतो, बाई कुणाचीही मरो, ठसा तोच. लहानपणी मी मायच्या मांडीवर झोपायचो तेव्हा तो टाक माझ्या डोळ्यांसमोर लोंबायचा आणि मी त्या दोन ठिपक्यांकडं बघत राहायचो. मला वाटायचं, माझी आई अशी दिसायची. पोरं आपली आई कशी दिसते ते सांगायची, तेव्हा मीही मनात हेच तोंड आणायचो. आता समोर सात होत्या, आणि त्यांत माझी मिसळून ठेवली असती तर मला ती सांगता आली नसती. दोन दिवस मी शोधत होतो तेही रंगावरून, तोंडावरून नाही. मला फार एकटं वाटलं. पंचेचाळीस वर्षांच्या माणसाला आई नाही म्हणून रडू यावं हे काही बरं दिसत नाही, पण मला आलं. वसंता उठून उगाच चाळणी धुवायला गेला.

परत आल्यावर म्हणाला, "गोरख, एक काम कर. यातली एक घे आणि हीच म्हण."

"मायला?"

"दोन दिस झाले तिच्या पोटात अन्न न्हाई. उद्या पाणी येऊन राह्यलं. कोण सांगणार हाय तिला? म्या न्हाई सांगत."

मी म्हणालो, पाप लागंल. तो म्हणाला, अर्धं माझ्या नावावर टाक. मग त्यानंच सातींवरून नजर फिरवली आणि एक उचलली. "ही घे. हिचं तोंड जरा तुझ्यावाणी हाय." वसंता चांगला माणूस आहे, पण तोंडं ओळखण्यात त्याच्यावर भरवसा ठेवू नये. सासरवाडीला जाऊन तो एकदा भलत्याच म्हाताऱ्याच्या पाया पडून आलाय. तरी मी ती घेतली. बाकीच्या सहा जणींना आम्ही कमरेएवढ्या पाण्यात नेऊन सोडलं. काठावरच्या बायकांनी हात जोडले. मी कोणती ठेवून घेतली ते त्यांना दिसू दिलं नाही.

घरी जाऊन मायपुढं मूठ उघडली. "माय, सापडली."

मायनं टाक घेतला. उजेडाकडं धरला. तळहातावर ठेवून जरा वर-खाली केला. मग माझ्याकडं पाहिलं. मी चिखलानं इतका माखलो होतो की लाज दिसायची सोय नव्हती, तरी मी मान खाली घातली.

"लई हुडकली असंल," ती म्हणाली.

"हां."

"आण मंग दोरा."

बेबीनंदानं काळा सुती दोरा आणला, माय मान वाकवून बसली, बेबीनंदानं गाठ मारली. मायनं ताट ओढलं, पहिला घास काढून ठेवला आणि दीड भाकरी खाल्ली. राजनंदिनीनं टाळ्या वाजवल्या. मीही जेवलो, पण मला तिखट-मीठ काही कळलं नाही. एकीकडं माय जेवली म्हणून बरं वाटत होतं, दुसरीकडं मी तिच्या गळ्यात परकी बाई बांधली होती. ज्या बाईनं नवऱ्याच्या मरणातसुद्धा आपली सवत सोडली नाही, तिला मी फसवलं होतं, आणि तिला कळलंसुद्धा नव्हतं. मला मायची कीव आली. म्हातारी झाली, नजर गेली, असं वाटलं.

बुधवारी उजाडता उजाडता पाणी आलं. घरापर्यंत त्याचा घोगरा आवाज येत होता. मला वाटलं, मायला सगळं सांगून टाकावं. अक्का गेली म्हणून निदान तिला रडून तरी घेता येईल. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. माय चुलीपुढं पाठमोरी बसली होती, तव्यावर भाकरी होती, आणि ती नेहमीसारखी बोलत होती. आवाज मात्र नेहमीचा नव्हता. पाहुण्या बाईशी बोलतात तसा होता.

"तू जरा जड हायस बाई. आमची अक्का हलकी व्हती, झिजून झिजून पार कागद झाल्ती. काल हातात घेतली तवाच कळलं. तुझं नाव काय, गाव काय, मला काही ठाऊक न्हाई. बाया म्हणत असतील घर नासतं. नासू दे, म्हातारीचं घर किती नासणार? पोरगं चिखलानं भरून आल्तं. डोळे लाल झाल्ते त्याचे. मला म्हणलं, माय, सापडली. त्याला न्हाई म्हणू का मी?"

मी चौकट धरून उभा राहिलो. कीव मी कुणाची करत होतो ते आठवून मला माझीच लाज वाटली, आणि त्या लाजेच्या वर कितीतरी माया दाटून आली.

मायनं भाकरी उलटली. मग टाक पदरानं झाकला, त्या पाहुणीला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि नदीच्या बाजूला तोंड करून हळूच म्हणाली,

"अक्का, पोरगं दोन दिस चिखलात बसलं तुझ्यापायी. तुला वळखता आलं न्हाई म्हणून त्याच्यावर रागवू नको. त्यानं तुला पाह्यलंच कवा व्हतं? आन मी तरी कुठं पाह्यलं व्हतं? मी तर आजपस्तोर त्याच्याच तोंडाकडं बघून तुझ्याशी बोलत आले."